ओळ झेलणारी

पेण-अलिबागकडच्या खारेपाटात लग्न ठरलं की लोक आधी पदीबायच्या ओट्यावर जायचे, भटजीकडे मग. "बाय, तू कवा मोकली हायस?" असं विचारायचे, आणि पदीबाय तोंडातली मशेरी थुंकेपर्यंत त्यांना ताटकळत ठेवायची. मुद्दाम हो! तेवढाच मान. भटजीबुवा बिचारे भले गृहस्थ, त्यांना याची सवय झालेली. तेही पदीबाय मोकळी आहे का हे विचारूनच मुहूर्त काढायचे.

पदीबाय धवलारीण होती. म्हणजे लग्नाचा धवला गाणारी. हळद कुटण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचं आपलं गाणं असतं, आणि ते गाणं झाल्याशिवाय विधी झाला असं जुनं आगरी माणूस मानतच नाही. कागदावर एक अक्षर नाही. पदीबायला तिच्या आत्यानं दिलं, आत्याला आणखी कुणी दिलं, सगळं तोंडातून कानात आणि कानातून तोंडात.

पण धवला एकटीनं गायचा नसतो. एक ओळ टाकते, दुसरी ती झेलते, म्हणजे तश्शीच परत गाते. पदीबाय टाकणारी आणि शेजारची कमळ झेलणारी. कमळ लग्न होऊन गावात आली त्या वर्षीच पदीबायनं तिला हेरलं होतं. विहिरीवर कमळ काहीतरी गुणगुणत होती, तर ही मागून येऊन म्हणाली, "आवाज बरा हाय तुजा. पन पुढं पुढं धावतेस. मांडवात माज्या मागं बसायचं, आन् मी टाकीन तेच झेलायचं. सुधरायचं न्हाय, पुढं जायाचं न्हाय." कमळचे केस पांढरे व्हायला आले तरी तो नियम मोडला नव्हता. झेलणारीनं जे येईल ते झेलायचं.

दुसरा एक नियम होता, तो याहून कडक. लग्न नसताना धवला गायचा नाही. सहज म्हणून नाही, शिकवायला म्हणून नाही, कुणी शहरातून मोबाईल घेऊन आलं तर त्यात भरायला तर नाहीच नाही. ज्या मुलीचं नाव घेऊन रिकाम्या मांडवात धवला गाल, तिचा संसार मोडतो, असं पदीबायची आत्या सांगायची. खरं-खोटं देव जाणे, पण कमळनं स्वयंपाक करतानासुद्धा कधी धवल्याची ओळ गुणगुणली नव्हती.

माघात पदीबायच्या नातीचं लग्न ठरलं. राही तिचं नाव. पदीबायचा मुलगा गणराज बंदरावर कंटेनरचे ट्रेलर चालवतो, ही त्याची एकुलती एक. मुलगा अलिबागकडचा, निकेत नावाचा, नाकासमोर चालणारा. पदीबायला तर जग जिंकल्यासारखं झालं. "सगल्या गावाच्या पोरी मी धवल्यात बसवून धाडल्या," ती येईल त्याला सांगायची, "आता माजी राही. हा एक धवला गायला की मी मोकली. मंग यमाला सांगा, ये म्हणावं."

कमळ म्हणायची, "यमाला कशाला बोलवतेस गो? बस्ता तरी काढू दे."

आणि बस्त्यावरून परत येतानाच ते झालं. पेणहून राहीच्या स्कूटीवर मागे पदीबाय बसली होती, नऊवारी नेसलेली, एका अंगाला पाय सोडून, मांडीवर साड्यांची पिशवी. हेल्मेट? अहो, अंबाड्यावर हेल्मेट बसतं का, असं तीच म्हणायची. वडखळच्या पुढे रस्त्यावर रातोरात कुणीतरी गतिरोधक घातलेला, त्यावर ना पट्टा ना पाटी. स्कूटी उडाली आणि पदीबाय मागच्या मागे डांबरावर पडली. डोक्यावर.

रक्त नाही. हाड मोडलं नाही. डोक्याच्या मागे लिंबाएवढं टेंगूळ, बस्स. पदीबाय स्वतःच उठून बसली आणि पहिलं काय विचारलं तर, "साड्या मलल्या का गो?" सगळे हसले. घरी आणून हळद लावली. पण संध्याकाळी तिला दोनदा उलटी झाली आणि ती राहीला तेच तेच विचारू लागली, "साड्या मलल्या का गो?" तेव्हा गणराजनं गाडी काढली आणि थेट पनवेल गाठलं.

तिथं डोक्याचा फोटो काढला. स्वच्छ! दोन दिवस ठेवून घरी सोडलं, विश्रांती सांगितली, आठवण तपासायला परत बोलावलं. पण घरच्यांनी ऐकलं ते फक्त "फोटो स्वच्छ". गावभर तेच झालं. म्हातारीच्या डोक्याला काही झालं नाही, रिपोर्ट चांगला आहे. म्हणून मग पदीबाय उन्हात डोळे मिटून बसू लागली तर लोक म्हणाले, नखरे. टीव्हीच्या आवाजानं डोकं धरून ओरडली तर सुनेनं नाक मुरडलं. भाजीत दोनदा मीठ पडलं, चुलीवर भांडं राहून जळलं. न दिसणाऱ्या दुखण्याला आपल्याकडे कोण विचारतो? पायाला प्लास्टर असतं तर गाव फळं घेऊन आलं असतं.

कमळला मात्र पहिल्या आठवड्यातच धस्स झालं होतं. पदीबाय तिच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "कमल, ते... ते काय असतं गो, आंगनात लावतात, फांदी..." आणि बोटं नुसती हवेत फिरवत राहिली. उंबराची फांदी! मांडवात जी रोवल्याशिवाय लग्न लागत नाही आणि जिच्यासाठी पदीबायनं आयुष्यभर गाणं म्हटलं, त्या झाडाचं नाव तिला सापडेना. कमळ पटकन म्हणाली, "उंबर." पदीबाय म्हणाली, "व्हय, तेच."

फाल्गुनात काळूरामच्या घरी लग्न होतं. काळूराम गावातला मोठा माणूस, मिठागरं विकून आता दोन ट्रकांचा मालक, त्याची मुलगी प्राप्ती. पदीबायला महिन्याभरापूर्वीच सुपारी दिलेली. कमळ म्हणाली, "बाय, ऱ्हाऊं दे या खेपेला. डोकं दुखतंय ना तुजं?" तर पदीबाय कडाडली, "सुपारी घेतलीय मी! आन् पोटू बगितला न्हाय का, काय न्हाय झायलं मना!"

मांडव भरलेला. डीजेवाल्यानं आधीच कान फाडलेले, धवल्यापुरता तो बंद केला तरी पदीबायच्या कपाळावरची शीर उडत होती. तरीही तिनं सुरुवात केली, आणि काय सांगू, तोच आवाज! कमळला वाटलं, सुटलो. हळदीचा धवला नीट झाला. मग नावं जोडायचा धवला आला. यात नवरीचं नाव नवऱ्याच्या नावाशी गुंफायचं असतं. नवरदेव विनेश. पदीबायनं ओळ टाकली,

"खारीच्या बांधावं गो चांदनं परलं,
प्राप्तीबायचं नाव अंबाजीशी जोरलं."

अंबाजी! अंबाजी म्हणजे पदीबायचा नवरा, जाऊन कितीतरी वर्षं झालेला. ज्या नावाशी तिचं स्वतःचं नाव कधीकाळी जोडलं गेलं होतं, ते नाव. नवीन नाव सापडलं नाही आणि जीभ आपली जुन्या ओळखीच्या वाटेनं गेली.

आणि कमळनं काय केलं? कमळनं झेललं. इतक्या वर्षांची सवय, डोक्यात पोचायच्या आधी ओळ गळ्यातून गेली. "प्राप्तीबायचं नाव अंबाजीशी जोरलं." तीच ओळ, गोड आवाजात, खणखणीत. म्हणजे मेलेल्या माणसाशी नवरीचं नाव एकदा नाही, दोनदा जोडलं गेलं.

 मग प्राप्तीची आई रडायलाच लागली. कुणी म्हणालं, अपशकुन. कुणी म्हणालं, म्हातारी चळली. काळूराम पदीबायसमोर येऊन उभा राहिला, शिवी त्याच्या ओठावर आली होती, पण तिचा चेहरा बघून त्यानं ती गिळली. पदीबायला काय चुकलं तेच कळत नव्हतं. ती कमळकडे बघत होती, "काय झायलं गो? मी काय बोलले?"

त्यानंतर मात्र गणराजनं आईला पुन्हा पनवेलला नेलं, सोबत कमळला घेतलं. डॉक्टरीण तरुण होती, पण धीराची. तिनं पदीबायला काही साधे शब्द सांगितले, लक्षात ठेवायला. मग इकडचं तिकडचं बोलली आणि ते शब्द विचारले. पदीबायला एकही सांगता येईना. "मना लगनाचं इचार गो!" ती चिडली, "हे शेरडू, पेटी, दोरी काय इचारत बसलीस! लगनाचं इचार!" आणि ओक्साबोक्शी रडली. कमळनं तिला असं रडताना अंबाजी गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीण म्हणाली, "फोटोत हाड दिसतं, रक्त दिसतं. पण डोकं आपटलं की मेंदू आतल्या आत हलतो, आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाणारे बारीक धागे ताणले जातात. ते या फोटोत दिसत नाहीत. आजींची जुनी आठवण आतच आहे, पण हवी तेव्हा तिच्यापर्यंत जाता येत नाही. आणि नवीन काही झालं तर ते धरून ठेवणं कठीण जातं, दमल्या की जास्तच. आवाज, गर्दी, जागरण, सगळं टाळा."

"बरी व्हईल का?" कमळनं विचारलं.

"बरेच लोक होतात. काहींना फार वेळ लागतो. या वयात मी शब्द देऊ शकत नाही."

परत येताना गाडीत पदीबायनं विचारलं, "काय बोलली गो ती? मना काय झायलंय?" कमळनं थोडा विचार केला. दोघींचंही बालपण मिठागरात गेलेलं. ती म्हणाली, "खारीत पानी हाय, बाय. वाफेपन हायत. मदला पाट बुजलाय." पदीबायनं मान हलवली. ते तिला लगेच कळलं. बाहेर बघत ती म्हणाली, "पाट उपसता येतो, पन हात घालायला दिसायला तं पायजे." 

काळूरामच्या मांडवातली गोष्ट अलिबागपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. निकेतचे वडील रावजी स्वतः आले. मोठ्या अदबीनं बोलले, पण बोलले. पदीबायला म्हणाले, "मावशी, राग मानू नका. धवला म्हणायचं काम आपण या वेळी राहू देऊ. आजकाल मोबाईलवर मिळतो, स्पीकरला लावू. आमच्या घरात बायका घाबरल्यात." गणराजनं खाली मान घातली. त्यालाही तेच हवं होतं, आईची आणखी शोभा नको म्हणून.

राही आत होती, ती बाहेर आली. "आजीचा धवला नसेल तर मी बाशिंग बांधणार नाही," ती म्हणाली. "गाडी मी चालवत होते. आजी माझ्यामुळे पडली. आता तिला ओट्यावर बसवून मी मोबाईलवर लग्न लावू?"  आणि कोपऱ्यात बसलेल्या कमळच्या तोंडून निघून गेलं, "मी टाकते. बाय झेलील."

रावजी हो म्हणाले, पण हे बोलून ती स्वतःच घाबरली. आणि पदीबाय? पदीबाय उठली आणि काही न बोलता घरात निघून गेली. मागोमाग कमळ गेली तर म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसलेली. "मी झेलू? तुजं?" ती म्हणाली. "तुला मी विहिरीवरून उचलून आनली आन् आता मी तुज्या मागं बसू?"

"व्हय, बस," कमळ म्हणाली. तिलाही रडू फुटलं होतं. "न्हायतर तो डबडा मोबाईल बसंल तुज्या जागी. ते चाललं तुला?"

पदीबायनं तोंड इकडे वळवलं. मग म्हणाली, "तुला येतं का तरी?"

खरी मेख तीच होती. कमळला सगळा धवला येत होता आणि काहीच येत नव्हतं. पुढची ओळ कुणीतरी टाकली की तिचा गळा आपोआप चालायचा, पण टाकायची म्हटली की पुढे अंधार. आजवर तिनं एकही ओळ पहिल्यांदा उच्चारली नव्हती. आणि ज्या बाईला विचारायचं, तिचाच पाट बुजलेला. शिवाय लग्न नसताना गायचं नाही, मग सराव करायचा कसा? दोघींनी ठरवलं, गायचं नाही, नुसतं बोलायचं. सूर लावायचा नाही म्हणजे नियम मोडत नाही.

रोज दुपारी दारं लोटून, अंधारातच, दोघी बसायच्या. कमळ विचारायची, "दिव्याच्या मागनं काय येतं गो?" पदीबाय डोळे मिटायची, कपाळ दाबायची आणि म्हणायची, "न्हाय ठाव." किती विचारलं तरी न्हाय ठाव. असे कित्येक दिवस वाया गेले. मग एकदा कमळ वैतागून चुकीचंच बोलून गेली, "दिव्याच्या मागनं तांदूल," आणि पदीबाय एकदम फणकारली, "तांदूल काय तांदूल! आगोदर पाट मांडतात का तांदूल? अक्कल गहान टाकलीस का?"

कमळ तिच्याकडे बघतच राहिली. विचारलं तर आठवत नाही, पण चुकलं की कळतं! दुसऱ्या दिवसापासून तिनं मुद्दाम चुकायला सुरुवात केली. उंबराच्या आधी बाशिंग घालायची, मामाच्या मानाआधी आत्याचा मान द्यायची, आणि म्हातारीच्या शिव्या खायची. "मूर्ख! गाढवीन! हेच शिकवलं का मी तुला?" शिव्या खाता खाता एकेक ओळ बाहेर येत गेली. कमळला इतक्या शिव्या सासूनंही दिल्या नव्हत्या, आणि इतकं सुखही तिला त्या दिवसांत दुसऱ्या कशात नव्हतं.

फक्त एक गोष्ट शिव्यांनीही बसेना. नवऱ्याचं नाव. रोज कमळ सांगायची, निकेत. रोज पदीबाय म्हणायची, बरं. आणि घटकेनं विचारायची, "राहीचा नवरा कोन गो?"

वैशाखात लग्न आलं. हळदीच्या दिवशी डीजे वाजायचा होता, म्हणून कमळचा नवरा जीवन पदीबायला आपल्या घरात घेऊन बसला, कानात कापूस घालून. नुसती हळद लावण्यापुरती तिला नेली आणि परत आणली. लग्नाच्या सकाळी गणराजनं डीजेवाल्याला हात जोडले, आणि मांडवात शांतता झाली.

दोघी मांडवात तांदळानं आखलेल्या चौकाजवळ बसल्या. पदीबाय मागे, कमळ पुढे. आयुष्यात पहिल्यांदा कमळच्या पाठीमागे कुणी बसलं होतं, आणि तिला मागून येणारा म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. तिनं देवाचं नाव घेतलं आणि पहिली ओळ टाकली. क्षणभर मागून काही नाही.  मग आवाज आला, आपला तो जुना, थोडा घोगरा, पण एक शब्द न ढळलेला. पदीबायनं झेललं होतं.

मग काय विचारता! उंबराचा धवला झाला, मामाचा मान झाला, बाशिंगाचा झाला. अलिबागच्या बायका आधी कुजबुजत होत्या, त्याही गप्प झाल्या. नावं जोडायची वेळ आली तेव्हा कमळनं मागे हात नेऊन पदीबायचा गुडघा घट्ट धरला.

"खारीच्या बांधावं गो चांदनं परलं,
राहीबायचं नाव निकेतशी जोरलं."

आणि पदीबायनं झेललं. निकेतशी. स्वच्छ, मोठ्यानं. समोर राही बाशिंगाच्या मुंडावळ्यांआड ढसाढसा रडत होती आणि रावजी डोळे पुसत होते. प्राप्तीची आईसुद्धा येऊन पदीबायच्या पाया पडली. पाठवणीच्या वेळी पदीबायनं राहीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, तिच्या गालांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "आता मी मोकली." मग गाड्या गेल्या, फटाके वाजले, आणि म्हातारी इतकी दमली होती की ओट्यावरच आडवी झाली.

कमळ त्या रात्री शांत झोपली. कितीतरी महिन्यांनी.

सकाळी तिची कढई अजून चुलीवर चढली नव्हती, तेवढ्यात दारात पदीबाय उभी. न्हालेली, अंबाड्यात फूल खोवलेलं, लग्नातली कालचीच हिरवी नऊवारी नेसलेली. चेहरा फुललेला. "आगो, आजून तयार न्हाय झालीस? चल गो लवकर, राहीचं लगीन हाय आज. मी टाकनार का तू, ते काय ठरलं व्हतं आपलं? तू ना?"

कमळच्या हातातली कढई तशीच राहिली.

"आशी काय बगतेस?"

कमळला खोटं बोलायचं होतं. तिनं तोंडही उघडलं. पण पदीबाय तिचा हात धरून निघालीसुद्धा, आणि दोघी गणराजच्या अंगणात पोचल्या. मांडववाला विपुल आपल्या माणसांना घेऊन कापड सोडत होता. अर्धा मांडव उघडा पडलेला, खुर्च्या एकात एक रचलेल्या, जमिनीवर चुरगाळलेल्या अक्षता. उंबराची फांदी कोमेजून एका बाजूला कललेली.

पदीबाय त्या फांदीकडे बघत राहिली. "मानसं कुटं गेली?" तिनं विचारलं.

"बाय," कमळ म्हणाली, "लगीन झालं. काल."

पदीबायनं आपले हात समोर धरले. बोटं हळदीनं अजून पिवळी होती. "ही?"

"राहीची हलद. तू लावलीस."

"मी व्हते?"

"व्हतीस. माज्या मागं बसलीस. सगला धवला झेललास. एक आक्षर चुकलं न्हाय. निकेतचं नाव पन न्हाय चुकलं."

"राही रडली?"

"लई रडली. तुज्या गल्यात परली."

"सगल्यांनी आयकलं?"

"सगल्यांनी."

पदीबाय खाली अक्षतांत बसली. हिरव्या लुगड्याला माती लागली, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. "सगल्यांनी आयकलं," ती हळूच म्हणाली. "मी सोडून."

 गणराज दारात येऊन उभा होता. आयुष्यभर या बाईनं दुसऱ्यांच्या पोरी धवल्यात बसवल्या, आणि स्वतःच्या नातीचं लग्न तिच्या हातून एका रात्रीत सांडून गेलं. 

कमळ तिच्यासमोर बसली. पाठीमागे नाही, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. रिकाम्या मांडवात धवला गायचा नसतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. राहीचं नाव घेऊन तर मुळीच नाही.  देवा, ती मनात म्हणाली, कोपायचं असलं तर माझ्यावर कोप, पोरीला सांभाळ. आणि तिनं सूर लावला.

पदीबाय दचकली. "आगो! लगीन न्हाय, काय न्हाय, गातेस काय!"

"झेल," कमळ म्हणाली.

पदीबायनं झेललं. आधी घाबरत, मग सवयीनं. उंबराचा धवला, मामाचा मान, बाशिंग. मधेमधे कमळ थांबून सांगायची, इथं रावजीनं डोळे पुसले, इथं गणराज कोपऱ्यात जाऊन रडला, इथं मी तुझा गुडघा धरला. पदीबाय ऐकायची, मान हलवायची आणि पुढची ओळ झेलायची. विपुलची माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली होती. नावांची ओळ आली तेव्हा पदीबायच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "राहीबायचं नाव निकेतशी जोरलं," तिनं गायलं, आणि विचारलं, "आसंच गायले का गो मी काल?"

"आसंच."

"झ्याक झालं मंग लगीन." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग तिचा चेहरा पुन्हा उतरला. "कमल, उंद्या इसरले तं?"

विपुल जवळ आला. "काकी, सोडू का राहिलेला? दुसरीकडं न्यायचाय."

"सोड," कमळ म्हणाली.

माणसांनी दोऱ्या सोडल्या आणि डोक्यावरचं कापड खाली आलं. वैशाखाचं ऊन सरळ दोघींच्या अंगावर पडलं. पदीबायला उजेड सहन होत नव्हता, तिनं डोळे गच्च मिटले. कमळनं आपला पदर तिच्या डोक्यावर ओढला आणि तिथंच, उघड्यावर, पहिल्यापासून पुन्हा ओळ टाकली.